एसी सांभाळण्याची पहिली पुस्तिका (निर्मळ आवृत्ती)

ही पुस्तिका कोणासाठी?

एसीच्या खोक्यात कंपनीची एक पुस्तिका येते. ती बारीक टायपात असते. घरात आल्या आल्या ती वॉरंटी कार्डासकट कपाटातल्या कागदांच्या गठ्ठ्याखाली जाते. ती वाचायची आठवण एसी बंद पडल्यावर होते आणि नेमकी तेव्हा ती सापडत नाही.

तशी ती पुस्तिका चांगली असते. पण लिहिणाऱ्याने निर्मळ पाहिलेले नसते. त्याच्या मनातल्या घराला समुद्राचा वारा लागत नाही, परसात केळीची वाडी नसते, आणि पाहुणे टेकायच्या आत ‘एसी लावू का?’ विचारणारी आजी नसते. म्हणून ही स्थानिक आवृत्ती. नालासोपारा स्टेशनवरून पश्चिमेला निघालेली रिक्षा सोपारा गाव मागे टाकून निर्मळच्या तळ्याशी येते. तिथून कळंबच्या किनाऱ्यापर्यंत ज्या ज्या घरात पहिल्यांदाच एसी आला आहे, त्या सर्व घरांसाठी ही लिहिली आहे. गास, भुईगाव, वाघोली, राजोडीच्या वाचकांनीही वापरायला हरकत नाही. मीठ तिथेही तेच आहे.

पूर्वी या घरांना एसी लागत नव्हता. वर कौले, खाली उंच आढे, पुढे ओटी, मागे विहीर आणि वाडी. संध्याकाळी समुद्रावरून वारा आला की तो पुढच्या दाराने शिरून मागच्या दाराने जायचा. मग स्लॅब आली. स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री, आपण आडवे झालो की, सावकाश परत देते. वाऱ्याच्या वाटेवर शेजारची इमारत आली. उरलेल्या वाटेवर आपण मच्छरांसाठी जाळी ठोकली. एवढी तयारी झाली की मनुष्य एसी घ्यायला पात्र होतो.

पाठ १ : यंत्राशी ओळख

अमेरिकेत ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा, आकसायचा आणि छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरने १९०२ साली एक यंत्रणा आखली. आजचा एसी तिच्यापासून निघाला. म्हणजे हे यंत्र मुळात माणसांसाठी नव्हते, कागदासाठी होते. आणि गारव्यापेक्षा त्याला हवेतला ओलावा काढायचा होता.

निर्मळकराला हे लगेच पटावे. मे महिन्यात चंद्रपूरचा पाहुणा इथला पारा पाहून हसतो. ‘पस्तीसच? आमच्याकडे पंचेचाळीस!’ दुसऱ्या दुपारी तोच पाहुणा बनियनवर ओटीत बसून, पुसलेला घाम पुन्हा पुसत, ‘हे नक्की काय आहे?’ असे विचारतो. हा तो ओलावा. सुकेळी करणाऱ्या घरांना त्याची ओळख फार जुनी आहे. सोललेली राजेळी उन्हात घालायची, आभाळ भरून आले की आत घ्यायची आणि चार दिवस हवेशी भांडत बसायचे, हे त्यांचे पिढीजात काम.

आता ‘टन’. दीड टनाचा एसी म्हटल्यावर काही घरांत भिंत पेलेल का, अशी चर्चा होते. हे वजन एसीचे नाही, बर्फाचे आहे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता काढण्याची ताकद म्हणजे एक टन. मासळीच्या टोपल्यांवर बर्फ पडताना रोज पाहणाऱ्याला हिशेब सोपा जाईल. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने दिवसभर चालला तर सुमारे १,३६० किलो बर्फाचे काम करतो. एवढा बर्फ रोज वापरणाऱ्या माणसाने पंधरवड्यातून पाच मिनिटे त्याच्यासाठी काढावीत, एवढीच या पुस्तिकेची मागणी आहे. पुढची पाने ती पाच मिनिटे कशी टाळली जातात यावर आहेत.

शेवटची ओळख. एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. आतले यंत्र उचलते, बाहेरचे टाकते, आणि मधल्या तांब्याच्या नळ्यांतून गॅस नुसत्या येरझाऱ्या घालतो. हे एक वाक्य लक्षात ठेवलेत तर पाठ ६ मध्ये तुमचे पैसे वाचतील.

पाठ २ : लागणारे साहित्य

– जुना, मऊ टूथब्रश (घरातल्या कोणाचा चालू वापरातला नको)
– बादली, साधे पाणी, सुती फडके
– भक्कम स्टूल
– स्टूल धरणारा माणूस
– खालून सल्ला देणारा माणूस (तो लागत नाही, पण येतो)

पहिले काम मेन स्विच बंद करणे. रिमोटने बंद केला म्हणजे बंद झाला, ही समजूत स्टुलावर चढण्यापूर्वी सोडून द्यावी.

पाठ ३ : वेष्टण उतरवणे

निर्मळमध्ये एसी विकत आणत नाहीत, त्याचे आगमन होते. रिमोटला प्लॅस्टिक चढते. तारे छापलेले लेबल काढले जात नाही, कारण शेजाऱ्यांनी तारे मोजायचे राहिलेले असतात. इनडोअरला क्रोशाचे झाकण मिळते. दसऱ्याला झेंडूची माळ चढते. ख्रिस्ती घरात फादर घराला आशीर्वाद द्यायला येतात, तेव्हा बाकीच्या खोल्यांबरोबर एसीवरही पवित्र पाण्याचे चार थेंब पडतात. दोन्ही विधी यंत्राला मानवतात. नियम दोनच. माळ वरच्या बाजूला, जिथून यंत्र हवा आत घेते तिथे, घालू नये. आणि पाणी शिंपडताना मेन स्विच बंद असावा.

खरी अडचण पुढे येते. एवढा मान दिल्यावर ती वस्तू वापरायची कशी, असा संकोच घराला पडतो. मग एसी पाहुण्यांसाठी राखून ठेवला जातो. नाताळात, बाहेर सुखद गारवा असताना, बोरिवलीचे व्याही आले की तो सोळावर लावला जातो. व्याही मर्यादेपोटी शाली पांघरून केक खातात. मे महिन्यात मात्र घरची माणसे ओटीवर पंख्याखाली झोपतात, कारण एसी ‘खराब होईल’.

एसीवर प्रेम करण्याची ही पद्धत नवशिक्यांमध्ये सर्वांत लोकप्रिय आहे. तिने एसीचे काय होते, ते पाठ ५ मध्ये पाहू.

पाठ ४ : जाळी आणि नळी

इनडोअरचे पुढचे झाकण दोन्ही बाजूंनी धरून वर उचला. आत प्लॅस्टिकच्या दोन जाळ्या दिसतील. दिसल्या नाहीत आणि त्या जागी राखाडी घोंगडी दिसली, तर त्याच जाळ्या आहेत.

हलक्या हाताने खाली ओढून त्या बाहेर काढा. नळाखाली धरताना पाण्याची धार मागच्या बाजूने पुढे येऊ द्या, म्हणजे अडकलेली धूळ आत न रुतता बाहेर पडते. कढत पाणी घेऊ नका, जाळी वाकडी होते. कपड्यांच्या ब्रशने घासू नका. सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. संपले. उन्हाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी करायचे आहे.

या कामाला हत्यार लागत नाही, माणूस बोलवावा लागत नाही, पैसे पडत नाहीत. बहुधा म्हणूनच ते कोणी करत नाही. ज्या कामाचे बिल येत नाही ते काम खरे वाटत नाही.

जाळी तुंबली की हवा कमी फिरते. हवा कमी फिरली की आतली कॉइल गरजेपेक्षा गार पडते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फाने हवा आणखी अडते. खोली गार होत नाही म्हणून घरधनी रिमोट चोवीसवरून अठरावर आणतो. अठरावर आणल्याने खोली लवकर गार होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ राबते. १ जानेवारी २०२० पासून सरकारच्या नियमानुसार नवे एसी चालू होताना आपसूक चोवीसवर येतात. एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. चोवीसवर ठेवून छताचा पंखा बारीक चालवा. महावितरणच्या बिलातली वरची पायरी कोणती, हे वेगळे शिकवायची गरज नाही. ते शिक्षण दर महिन्याला घरपोच येते.

आता नळी. ओलावा काढला म्हणजे तो कुठेतरी जाणार. इथल्या दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. हे पाणी एका साध्या नळीने, स्वतःच्या वजनाने, बाहेर जाते. त्यामुळे नळीला सतत उतार हवा. भिंतीवर छान दिसावी म्हणून तिला मध्येच वळसा देऊन वर चढवली, की पाणी परत फिरते आणि थेट पलंगावर येते. नळीत हिरवे शेवाळ धरते. पावसाळ्याआधी खालच्या टोकाने फुंकर मारून ती मोकळी करावी. वर जाळी काढून कोणी तोंड वर करून बघत उभे नाही, याची आधी खात्री करावी.

जमा झालेले पाणी अबोलीला, तगरीला घाला, लादी पुसायला घ्या. पिऊ नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका. ते वाफेचे पाणी असले तरी कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण घेऊन आलेले असते.

पाठ ५ : बाहेरचे यंत्र आणि परशुराम

परशुरामाने समुद्राला मागे हटवून ही किनारपट्टी मिळवली, अशी कथा कोकणभर सांगतात. निर्मळच्या तळ्याच्या आख्यायिकेतही परशुराम आहेच. समुद्राचे पाणी मागे हटले. वारा हटला नाही. तो कळंब-राजोडीवरून मीठ घेऊन रोज येतो आणि तुमच्या आऊटडोअरवर ठेवून जातो.

आऊटडोअरच्या पाठीला तांब्याच्या नळ्या आणि त्यांना चिकटलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे असतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि त्यावर खारट ओल आली, की त्यातला जास्त भिडस्त धातू झिजून दुसऱ्याला वाचवतो. इथे तो मान ॲल्युमिनियमला मिळतो. पत्र्यांची आधी पांढरी भुकटी होते, मग बोट लावले तरी ते गळून पडतात. घेताना निळा लेप दिलेले पत्रे आहेत का ते पाहावे. लेपाने झीज थांबत नाही, लांबते.

यावर उपाय एकच आणि फार जुना: धुणे. मेन स्विच बंद करून, साध्या पाण्याची हलकी धार पाठीवर सोडायची. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पुरे. जोराचा फवारा मारला तर पत्रे आडवे होतात आणि हवा कायमची अडते. धुवायला बोअरिंगचे मचूळ पाणी घेऊ नये, नाहीतर मीठ धुण्यासाठी मीठ लावल्यासारखे होईल. विहिरी मचूळ का झाल्या, हा विषय एसीच्या पुस्तिकेत बसत नाही. टँकर आणि बिल्डरांविरुद्ध उभ्या राहिलेल्या, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई चळवळीच्या इतिहासात तो वाचायला मिळेल.

इथे पाठ ३ मधल्या प्रेमाचा हिशेब लागतो. पावसात भिजून खराब होईल म्हणून आऊटडोअरवर पत्र्याचे छप्पर घालतात, वर ताडपत्री बांधतात. आऊटडोअर भिजण्यासाठीच बनवलेला असतो. उघड्यावरच्या यंत्राचे मीठ पाऊस धुऊन नेतो. छपराखालच्या यंत्रावर तेच मीठ वर्षानुवर्षे बसून राहते आणि ताडपत्रीखाली ओलही कोंडते. सावलीसाठी छप्पर हवेच असेल तर ठेवा, पण मग पावसाचे काम तुमच्या अंगावर आले.

आणखी काही सूचना:

– भिंत आणि यंत्र यांत वीतभर तरी जागा सोडा. पंख्याच्या पुढची बाजू पूर्ण मोकळी हवी.
– ‘एवढी गरम हवा फुकट जाते’ म्हणून पुढे बोंबील वाळत घालू नका. गोधडीही नको.
– दुधीचा वेल मांडवावर चढवा. आऊटडोअर मांडव नाही.
– नळ्या जिथून भिंतीत शिरतात ते भोक पुट्टीने बुजवा. तिथून मुंग्या, पाली आणि उंदीर ये-जा करतात. दोन तारांमध्ये पाल सापडली की बिल सर्किट बोर्डाचे येते.
– गांधीलमाश्यांचे पोळे दिसले तर देखभाल त्या दिवसापुरती पुढे ढकला.

बाहेरच्या यंत्राची पेटी मात्र स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका भार शिल्लक असू शकतो.

पाठ ६ : ‘काकू, गॅस गेलाय’

वरचे काहीच केले नाही, तर एके दिवशी एसी गार करेनासा होतो आणि फोन लावावा लागतो. पाठीवर जेट पंप घेऊन एक तरुण मोटारसायकलवर येतो. चप्पल दाराबाहेर काढतो, इनडोअरकडे दुरून पाहतो आणि म्हणतो, “काकू, गॅस गेलाय.”

नवशिक्याने इथे घाबरू नये. पुढचा संवाद पाठ करावा.

“कुठून गेला?”

“म्हणजे… वापरून वापरून संपतो ना.”

“तो स्वयंपाकाचा. हा आतल्या आत फिरतो. गेला असेल तर कुठेतरी गळतंय. आधी गळती शोधा, ती बंद करा, मग भरा.”

“त्याला वेळ लागेल.”

“चहा ठेवते.”

एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही. ठणठणीत यंत्रात तो वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हवेत जातो आणि हवेला तो मानवत नाही. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ साली माँट्रियलचा करार झाला. त्यानुसार जुना आर-२२ टप्प्याटप्प्याने हद्दपार होतो आहे. आता बऱ्याच एसींत आर-३२ असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण थोडा ज्वलनशील आहे. त्यामुळे यंत्राच्या पट्टीवर लिहिलेला गॅस कोणता आणि माणसाच्या हातातल्या नळकांड्यात कोणता, हे दोन्ही वाचून पाहावे. वाचताना चष्मा लावावा. एवढ्यानेही समोरचा काम जरा जपून करतो.

आणि फोन लावण्यापूर्वी जाळी धुऊन पाहावी. ‘गॅस गेलेले’ काही एसी नळाखाली बरे होतात.

हा तरुण आपला शत्रू नव्हे. एप्रिलमध्ये तो दिवसभर गच्च्यांवर, भिंतींना लटकून, तापल्या पत्र्यांत हात घालतो. त्याला फेब्रुवारीत बोलवा. तेव्हा त्याला वेळ असतो आणि तो कॉइल खरोखर धुतो. मे महिन्यात तो फक्त ओली करतो.

पाठ ७ : तापवणारी यंत्रे

हीटर या नावाचे खोली तापवणारे यंत्र निर्मळमध्ये कोणी विकायला आणले तर त्याला पाणी विचारून परत पाठवतात. इथे तापवायचे असते ते अंघोळीचे पाणी. त्यासाठी पूर्वी तांब्याचा बंब होता. त्याची देखभाल सगळ्यांना यायची: राख काढा, मधली नळी ठोकून काजळी पाडा, चिंचेने घासून लखलखीत करा. काम टाळले तर घरभर धूर व्हायचा. आळशी माणसाला डोळ्यांत पाणी आणून शिकवणारे ते यंत्र होते.

गिझर सभ्य आहे. तो धूर करत नाही, म्हणून तो फुटेपर्यंत कोणी त्याच्याकडे पाहत नाही. जड पाण्यातला क्षार तापल्यावर कॉइलवर चुन्यासारखा धरतो. मग गिझर आधी स्वतःचा चुना तापवतो आणि नंतर तुमचे पाणी. टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक दांडी असते. ती स्वतः झिजून टाकी वाचवते. पाठ ५ मध्ये ज्या रसायनशास्त्राने एसी खाल्ला, तेच इथे पगारावर ठेवलेले आहे. मचूळ पाण्यात दांडी लवकर संपते. वर्षातून एकदा माणूस बोलावून ती तपासावी, क्षार काढावा आणि जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह हलतो का ते पाहावे.

एक सूचना मात्र गंमत बाजूला ठेवून. गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात लावू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि तो जीव घेतो.

पाठ ८ : देखभालीचे पंचांग

होळीच्या आधी: पूर्ण सर्व्हिसिंग, अर्थिंगची तपासणी.
चैत्र ते ज्येष्ठ: दर पंधरा दिवसांनी जाळी, महिन्यातून एकदा आऊटडोअर.
मृगाच्या आधी: नळी मोकळी, भिंतीतले भोक बंद.
पावसाळा: वीज जाऊन आली की लगेच रिमोट दाबू नका, तीन मिनिटे थांबा. कॉम्प्रेसरला दम खाऊ द्या.
दसरा: आधी जाळी धुवा, मग माळ घाला.
कार्तिक वद्य एकादशी, निर्मळची यात्रा: पावसानंतरची सफाई. यात्रेच्या गर्दीत सुकेळी घेऊन घरी आलात की आधी जाळी बघा. रस्त्यावरची निम्मी धूळ तिथे पोहोचलेली असेल.
नाताळ: गिझर. आणि व्याह्यांसाठी एसी लावायचाच तर चोवीसवर.

शंकासमाधान

*प्रश्न: जाळी धुवायची जबाबदारी घरात कोणाची?*
ज्याच्या हातात रिमोट असतो त्याची. हा नियम लागू केल्यावर रिमोट सगळ्यांच्या हाती फिरू लागतो.

*प्रश्न: स्टॅबिलायझर लागतो का?*
बऱ्याच नव्या इन्व्हर्टर एसींना कमी-जास्त दाब सोसतो. किती, ते कंपनीच्या पुस्तिकेत आहे. ती शोधण्याचे हे चांगले निमित्त आहे.

*प्रश्न: एवढी यातायात करण्यापेक्षा एसी कमी वापरला तर जास्त टिकणार नाही का?*
आऊटडोअरवर मीठ बसते ते तुम्ही एसी लावलात की नाही, हे न विचारता. क्रोशाखालचा एसी आणि चालू एसी यांच्यावर ते सारखेच येते. फरक एवढाच, की एकाने निदान कोणाला झोप दिलेली असते. तेव्हा आजच्या रात्री लावा, घरच्यांसाठी. चोवीसवर, जाळी धुऊन.